लाईन गेली, पाणीही गेलं

वऱ्हाडात वीज जात नाही, ‘लाईन’ जाते. हा शब्द गावठी म्हणून बाजूला सारायचा नाही, कारण तो एक फरक नेमका दाखवतो. भारनियमनात तारा जागेवर असतात, फक्त त्यातला प्रवाह थांबवलेला असतो. कोणत्या फीडरवर किती तास वीज नाही याचं वेळापत्रक असतं, आणि ठरलेला वेळ संपला की दिवे लागतात. वादळात मात्र खरोखर लाईनच जाते: खांब आडवे होतात, तारा शेतात पडतात, डीपी, म्हणजे ट्रान्स्फॉर्मर, जळते, आणि लाईन परत कधी येणार याचं उत्तर लाईनमनकडेही नसतं. 2005 नंतरच्या सात-आठ वर्षांत महाराष्ट्राने जे भारनियमन सोसलं, त्याने आपल्याला अंधारात राहायची एक रीत शिकवली. इन्व्हर्टर घ्यायचा, मोबाईल भरून ठेवायचा, चार तास काढायचे. अकोला जिल्ह्यातल्या अकोट-तेल्हाऱ्याकडच्या घरांची तयारी आजही याच रीतीवर उभी आहे, आणि दोन-तीन दिवसांच्या खंडापुढे ती अपुरी पडते. तिथे गरज असते पाण्याची, उजेडाचा नंबर पुष्कळ मागे लागतो.

थंड देशांत ‘हिमवादळ’ म्हणून ज्याची धास्ती असते, तो प्रकार अकोटला होणार नाही, हे आधी मान्य करू. तिथे जमिनीलगतची हवा शून्याखाली आणि वरचा थर उबदार असतो. वरून पाऊसच पडतो, पण खाली येताना त्याचे थेंब गोठणबिंदूखाली जाऊनही पातळच राहतात आणि तारेला, फांदीला शिवताच बर्फ होतात. तारेवर बर्फाची जाड साल चढत जाते आणि तिच्या वजनाने खांब मोडतात. जानेवारी 1998 मध्ये कॅनडाच्या क्युबेक प्रांतात असे सुमारे 1,000 पोलादी मनोरे आणि 30,000 हून जास्त लाकडी खांब कोसळले, आणि काही भागांत वीज यायला आठवडे लागले. आपल्याकडे बर्फ पडतो तो गारांच्या रूपात, बहुधा फेब्रुवारी ते एप्रिल. उत्तरेकडून वरच्या थरात थंड हवा उतरते, खाली समुद्राकडून दमट वारे येतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी तापलेली जमीन त्या ओल्या हवेला जोराने वर ढकलते. ढगातले थेंब पुन्हा पुन्हा उचलले जाऊन थरावर थर चढत गार बनते. गारांनी संत्र्याचा बहार झडतो, केळीची पानं फाटून चिंध्या होतात, पानपिंपरीचे मळे झोपतात. पण तार सहसा गारेने तुटत नाही. ती तोडतो त्याच ढगातून खाली आदळणारा वारा आणि त्या वाऱ्याने पडणारं झाड. कारण वेगळं असलं तरी घरात बसलेल्या माणसाच्या वाट्याला येतं ते सारखंच.

अशा खंडाचा अनुभव महाराष्ट्राला नाही असं नाही. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये गारपीट एका दिवसात संपली नाही. सुमारे दोन आठवडे ती कुठे ना कुठे पडत राहिली आणि राज्यातल्या 28 जिल्ह्यांना तिचा फटका बसला. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन-म्हसळा भागातल्या कित्येक गावांनी पुढचे काही आठवडे विजेविना काढले. आणि 9 एप्रिल 2023 च्या संध्याकाळी अकोला जिल्ह्यातल्या पारस गावी, बाबुजी महाराज संस्थानाच्या आवारात, वादळी पावसात जुनं कडुनिंबाचं झाड टिनाच्या शेडवर पडून सात माणसं गेली. पारस म्हटलं की औष्णिक वीज केंद्र, 250 मेगावॉटचे दोन संच. वीज जिथे तयार होते त्या गावालाही वाऱ्याने सोडलं नाही. वादळात टिनाखाली आणि जुन्या झाडाखाली थांबायचं नाही, हे घरच्या तयारीतलं पहिलं कलम, आणि त्याला खर्च काहीच नाही.

आता इन्व्हर्टरचा हिशेब मांडू, कारण बहुतेकांचा सगळा भरवसा त्या पेटीवर असतो. 150 अँपिअर-तासाची, 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर 1,800 वॉट-तास. बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते, शिवाय इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो. हाती उरतात साधारण 1,200 ते 1,300. जुना छताचा पंखा 75 वॉटचा. दोन पंखे आणि 9 वॉटचे तीन बल्ब चालवले तर सात तासांत खेळ आटोपतो. भारनियमनाला एवढं पुरेसं होतं, कारण मधल्या वेळात बॅटरी पुन्हा भरून निघायची. वादळात मधला वेळच नसतो. पण तीच बॅटरी एका 30 वॉटच्या बीएलडीसी पंख्याला आणि एका बल्बला दिली, तर तीस तासांवर जाते. म्हणजे आहे ती बॅटरी कंजूसपणे वापरली तरी नव्या मोठ्या बॅटरीइतका फायदा होतो. लाईन गेल्यावर पहिल्या तासात घरातली किती बटणं बंद केली, त्यावर दुसरी रात्र कशी जाईल ते ठरतं. टीव्ही मात्र हटकून चालू राहतो, हा घरोघरचा रिवाज!

तरीही उजेड आणि वारा ही गैरसोय झाली. खरी अडचण नळाला लागते. फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात थंडीच्या लाटेने विजेचं जाळं कोलमडलं. ह्यूस्टन विद्यापीठाच्या पाहणीत 69 टक्के लोकांनी आपली वीज गेल्याचं सांगितलं, सरासरी 42 तास. पाणी गेल्याचं 49 टक्क्यांनी सांगितलं, आणि तो खंड सरासरी 52 तासांचा होता. नळ विजेपेक्षा जास्त वेळ कोरडा राहिला, आणि तेही श्रीमंत राज्यात. अकोटची गोष्ट याहून नाजूक आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा साधारण पावणेपाच हजार चौरस किलोमीटरचा. अकोट तालुक्याचा दक्षिण भाग त्यात मोडतो. तिथे विहीर खणली तर पाणी लागतं, पण खारं. म्हणून वान धरणावरची 84 खेडी योजना, म्हणून गावोगावचे आरओ प्लांट आणि वीस लिटरचे कॅन. उत्तरेकडे, डोंगराच्या पायथ्याशी पाणी गोड आहे, पण खोल गेलेलं, आणि बोअरमधून ते वर काढायला मोटार हवी. आरओला वीज, बोअरला वीज, घरच्या टाकीत चढवायला वीज. उकळून घेऊ म्हणाल, तर उकळल्याने जंतू मरतात, खार जात नाही. उलट पाणी आटतं तसा खार वाढतो. म्हणजे दुसरीकडच्या गावाला नदी-विहिरीचा जो शेवटचा आधार असतो, तोही या पट्ट्यात नाही.

यावर हमखास एक उत्तर मिळतं: ‘पूर्वी कुठं होती वीज? लोक जगलेच ना.’ जगले, यात शंका नाही. पण ते विजेविना जगण्याच्या सामानासह जगले. वऱ्हाडातलं जुनं धाब्याचं घर म्हणजे जाड मातीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचं सपाट छप्पर. दुपारचं ऊन आत पोचायला संध्याकाळ होई. अंगणात रांजण, विहिरीवर रहाट, घरात कंदील आणि चुलीला सरपण. त्यातलं आज काय उरलं आहे? घर सिमेंटचं किंवा टिनाचं, जे एप्रिलमध्ये भट्टीसारखं तापतं. विहिरीवर रहाट नाही, बोअरमध्ये बादली जात नाही. आजोबांची हिंमत वारशाने मिळते असं धरून चालू, त्यांचा रांजण मात्र विकत आणावा लागेल. एका माणसाला पिणं, रांधणं, धुणं धरून अडीअडचणीच्या दिवसांत रोजचं किमान 15 लिटर पाणी लागतं, असा मदतकार्याचा जागतिक मापदंड आहे. पाच माणसांच्या घराला तीन दिवसांसाठी 225 लिटर. म्हणजे झाकणाचा एक मोठा ड्रम आणि वर दोन माठ. अकोटच्या बाजारात हे इन्व्हर्टरच्या किमतीच्या फार थोड्या भागात येतं. गच्चीवर टाकी असेल तर आणखी सोपं, कारण वरून खाली यायला पाण्याला वीज लागत नाही. आभाळ भरून आलं की आधी टाकी भरून घ्यायची, कपड्यांच्या मशीनचं नंतर बघू. साठवलेल्या पाण्यात मेडिक्लोरसारखे क्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात टाकावेत.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा: ‘आमच्याकडे सोलर आहे.’ फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तिच्यात 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, आणि गावांतही छतांवर पॅनेल दिसू लागली. पण यातली बहुतेक यंत्रणा ‘ऑन ग्रिड’ असते, म्हणजे ती महावितरणच्या लाईनला जोडलेली असते आणि लाईन गेली की स्वतःहून बंद पडते. डोक्यावर लख्ख ऊन, छतावर पॅनेल आणि घरात पंखा बंद. हा बिघाड नाही. तसं केलं नाही तर तुमच्या पॅनेलची वीज तुटलेल्या तारेत उतरेल आणि ती जोडायला आलेल्या माणसाचा जीव घेईल, म्हणून मुद्दाम केलेली ती सोय आहे. बॅटरीची जोड असलेली ‘हायब्रिड’ यंत्रणा लाईनविना चालते, पण महाग पडते. बसवून देणाऱ्याला हा एक प्रश्न आधी विचारला तर पुढचा मनस्ताप वाचेल.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. बिल भरतो आम्ही. खांब उभे ठेवणं कंपनीचं काम. मग ड्रम आम्ही का भरायचा? तक्रार रास्त आहे. वीज कायदा 2003 च्या कलम 57 मध्ये सेवेची मानकं आणि ती मोडल्यास ग्राहकाला भरपाई, दोन्ही सांगितलं आहे. राज्याच्या वीज नियामक आयोगाने 2005 साली पहिल्यांदा ती मानकं ठरवली, तेव्हा ग्रामीण भागातला जळालेला ट्रान्स्फॉर्मर बदलायला 48 तासांची मुदत दिली. मात्र वादळ, पूर अशा नैसर्गिक आपत्तीत कंपनीला या बंधनातून सूट आहे. सूट वाजवी असो वा नसो, तिचा अर्थ उघड आहे: सगळं नियमाप्रमाणे चाललं तरी गावाने दोन दिवस धरूनच चालायचे, आणि वादळात त्याहून पुढे. 1912 वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावाच. लोंबकळत्या तारा आणि तारांवर झुकलेल्या फांद्या पावसाळ्याआधी काढाव्यात म्हणून अर्जही द्यावा. पण हक्क सांगितल्याने माठ भरत नाही.

माणसं मरतात ती अंधारावरच्या उपायांनीही. टेक्सासच्या त्या थंडीत राज्याच्या आरोग्य खात्याने 246 मृत्यू मोजले, आणि त्यातले काही गारठ्याने नव्हे, घरात पेटवलेल्या कोळशाच्या आणि जनरेटरच्या धुराने झाले. डिसेंबर-जानेवारीत अकोटला पारा दहाच्या आसपास उतरला की बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणारी माणसं आपल्याकडेही आहेत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. शेगडी अंगणात, जनरेटर तर खिडकीपासूनही दूर. आणखी एक घातक जुगाड म्हणजे जनरेटरची वायर सरळ घरच्या सॉकेटमध्ये खुपसणं. डीपी 11,000 व्होल्टचे 230 करते, तशी ती उलटीही चालते. तुमचे 230 तिच्यातून 11,000 होऊन मेलेल्या म्हणून समजल्या जाणाऱ्या तारेत जातात. खांबावर त्या वेळी गावचाच लाईनमन असतो. चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय जनरेटर लावू नये. जमिनीवर पडलेली तार बंद असेल असं कधी धरू नये, काठीनेही ती हलवू नये, विशेषतः ओल्या काळ्या मातीत.

औषधांचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. दार न उघडलेला फ्रीज चारेक तास गारवा धरतो, पुढे नाही. वापरात असलेलं इन्सुलिन साधारण 30 अंशांपर्यंत जवळपास चार आठवडे टिकतं, पण एप्रिल-मे मध्ये पारा 45 गाठतो तिथे खोलीतलं तापमान त्यासाठी फार जास्त. कोरड्या हवेत मातीचं भांडं सुरेख काम करतं. कुपी घट्ट झाकणाच्या डबीत, डबी ओल्या कापडाने गुंडाळलेल्या मडक्यात, मडकं वारा लागेल अशा सावलीत. गारा गोळा करून त्यात ठेवू नये, कारण गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. घरी ऑक्सिजनचं यंत्र लावलेला रुग्ण असेल तर वादळाचा इशारा आला की त्याला कुठे न्यायचं, हे त्याच दिवशी ठरवायला हवं. मोबाईल टॉवरची बॅटरीही काही तासांचीच असते आणि नंतर फोन लागत नाही.

टिनाच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या घराला 225 लिटर पाणी साठवायलाही जागा नसते, हे खरं आहे. म्हणून हे काम घरापाशी थांबवता येत नाही. प्रत्येक गावचं पाणी धरणातून किंवा बोअरमधून निघून नळापर्यंत येताना कुठे कुठे मोटारीवर अवलंबून आहे, हे सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पाणी सोडणारा माणूस यांना माहीत असतं. त्यातल्या किती मोटारींना जनरेटर आहे, त्यात डिझेल कोण भरतं, तो शेवटचा कधी चालवून पाहिला, आणि गावची टाकी भरलेली असताना लाईन गेली तर ते पाणी किती दिवस पुरवायचं ठरलं आहे, हे प्रश्न पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.