जुने डिझेलचे फिरते घर : प्रचलित समज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हान पर्यटन धोरण जाहीर केल्यानंतर, झोपण्याची, स्वयंपाकाची व प्रसाधनाची सोय असलेले वाहन, म्हणजे मोटारहोम किंवा कॅराव्हान, ही कल्पना मोठ्या शहरांबाहेरही परिचित होऊ लागली. मात्र कारखान्यातून तयार होऊन आलेले नवे कॅराव्हान महाग पडते. त्यामुळे वर्धा जिल्ह्यासारख्या भागात या हौशीची वाट बहुधा जुन्या डिझेल व्हॅनकडे, विशेषतः टेम्पो ट्रॅव्हलरकडे वळते. ही गाडी 1987 मध्ये बाजारात आणणाऱ्या बजाज टेम्पो कंपनीचे नाव 2005 मध्ये फोर्स मोटर्स झाले असले, तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले आहे. या जुन्या गाड्यांविषयी जे समज रूढ आहेत, त्यांतील काही निरुपद्रवी आहेत, तर काही खरेदीदाराला कर्जाच्या किंवा खटल्याच्या दारात नेऊन उभे करतात.

दहा वर्षांनंतर डिझेल गाडी देशभर बाद होते, हा पहिला आणि सर्वांत पसरलेला समज आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 मध्ये घातलेला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम ठेवलेला हा निर्बंध दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरता होता, आणि त्याच्या अंमलबजावणीतही 2025 मध्ये न्यायालयीन आदेशांनी फेरफार झाले. वर्ध्यात, म्हणजे एमएच-32 या नोंदणी क्षेत्रात, खासगी वाहनाची नोंदणी मोटार वाहन कायद्यानुसार 15 वर्षे वैध असते आणि त्यानंतर तपासणी, शुल्क व पर्यावरण कर भरून तिचे नूतनीकरण होते. मात्र याच निर्बंधामुळे राजधानी क्षेत्रातील गाड्या स्वस्तात बाहेर विकल्या जातात, आणि त्या स्वस्ताईचा हिशेब अनेकदा अपुरा मांडला जातो. परराज्यातील गाडी कायमची महाराष्ट्रात आणायची, तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा रस्ता कर आणि नवा नोंदणी क्रमांक हे सारे करावे लागते. कर भरल्यावर स्वस्त गाडी तितकीशी स्वस्त राहत नाही.

दुसरा समज कागदपत्रांचा आहे. पैसे दिले, किल्ली घेतली आणि विकणाऱ्याने नमुना 29 व 30 या हस्तांतरणाच्या अर्जांवर कोऱ्या सह्या करून दिल्या की व्यवहार पुरा झाला, असे विकणारा आणि घेणारा दोघेही मानतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र परिवहन कार्यालयातील नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक. 2018 मधील नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, गाडी पुढे अनेकांच्या हाती गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली. म्हणून नाव लवकर बदलण्यात घेणाऱ्याइतकेच विकणाऱ्याचेही हित आहे. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचा बोजा उतरल्याचा नमुना 35 हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. विम्याबाबतही असाच अर्धसत्य समज आहे : तृतीय पक्षाचे, म्हणजे अपघातात सापडलेल्या इतरांचे, विमा संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते, परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळण्यासाठी पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते आणि त्यासाठीचा अर्ज हस्तांतरणापासून 14 दिवसांत करायचा असतो.

प्रवासी वाहतुकीची जुनी गाडी घ्यावी, आसने काढावीत, पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवावी की कॅराव्हान तयार, ही समजूत सर्वांत खर्चिक ठरते. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाहनाच्या रचनेत मनाजोगता बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नोंदवता येणार नाही असे स्पष्ट केले. मोटार कॅराव्हानसाठी एआयएस-124 हे स्वतंत्र वाहन मानक आहे, आणि खासगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्र शासनाच्या 2004 च्या अधिसूचनेत बिगर-परिवहन वाहनांत मोडते. पिवळ्या पाटीची, म्हणजे परिवहन वर्गातील, गाडी त्या वर्गात आणण्यासाठी परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. तेव्हा आधीच रूपांतरित झालेली गाडी घेताना आरसी बुकातील वाहनप्रकार आणि आसनसंख्या प्रत्यक्ष गाडीशी जुळते का, हे सजावटीआधी पाहावे. वजनाचा प्रश्नही कागदाइतकाच खरा आहे : दोनशे लिटरची भरलेली टाकी म्हणजे दोनशे किलो, त्यावर लाकडी कपाटे, बॅटऱ्या, गॅस सिलिंडर व माणसे, आणि हा सारा भार आरसीत नोंदवलेल्या कमाल वजनाच्या आत बसला पाहिजे, कारण ब्रेक आणि पाटे त्याच मर्यादेसाठी बनवलेले असतात.

कमी चाललेली गाडी उत्तम, हा चौथा समज मोटारीबाबत बराचसा खरा आणि फिरत्या घराबाबत बराचसा खोटा आहे. असे वाहन वर्षातील बहुतेक दिवस उभे असते, आणि डिझेल गाडीची हानी चालण्यापेक्षा उभे राहण्याने अधिक होऊ शकते. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात ओल धरते, हवेतील बाष्प तळाशी पाणी होऊन साचते, आणि डिझेल व पाणी यांच्या सीमेवर वाढणारे सूक्ष्मजीव काळपट चिकट गाळ करून फिल्टर तुंबवतात. म्हणून गाडी उभी ठेवताना टाकी भरलेली असावी आणि फिल्टरखालील पाणी वेगळे करणारे भांडे वेळोवेळी रिकामे करावे. टायरचे वय नक्षीवरून ठरवू नये. बाजूला कोरलेल्या चार अंकी आकड्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर, मे महिन्याच्या दुपारी, जुन्या रबराचे जाड टायर घेऊन सलग वेगाने जाणे हा स्पष्ट धोका आहे.

उभ्या गाडीच्या हानीवर उपाय म्हणून दर रविवारी अंगणात दहा मिनिटे इंजिन सुरू ठेवण्याची पद्धत आहे, आणि तीही चुकीची आहे. एवढ्या वेळात इंजिन पुरेसे तापत नाही, जळणातून निर्माण झालेले पाणी तेलात उतरते, आणि सुरुवातीला बॅटरीतून गेलेली वीजही नीट भरून येत नाही. बीएस-6 गाड्यांत, म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या उत्सर्जन मानकांच्या गाड्यांत, धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जाण्यासाठी धूर बराच तापावा लागतो, आणि ते सलग रस्त्यावर चालल्यानेच साधते. वर्ध्याहून हिंगणघाटपर्यंत जाऊन येणे हे अंगणातील महिनाभराच्या घरघरीपेक्षा उपयोगी आहे.

वर्ध्याचा उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो, तरीही रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतण्याची सवय सुटलेली नाही, कारण कूलंट ही थंड प्रदेशाची गरज असल्याचे मानले जाते. वस्तुतः कूलंटमधील ग्लायकॉल गोठणबिंदू खाली आणते तसा उत्कलनबिंदूही वाढवते, आणि त्यातील रसायने गंज रोखतात. जड पाण्यातील क्षार मात्र आतील अरुंद वाटांवर थर धरून नेमकी उष्णता बाहेर जाण्याची वाट अडवतात. काही बीएस-6 गाड्यांना लागणाऱ्या डीईएफ या 32.5 टक्के युरिया असलेल्या द्रवाचेही उन्हाशी वैर आहे : 25 अंशांवर सुमारे दीड वर्ष टिकणारा हा द्रव 35 अंशांवर सुमारे सहा महिनेच टिकतो. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला मागच्या वर्षीचा डबा वापरू नये.

डिझेलमध्ये थोडे रॉकेल मिसळले तरी चालते, हा समज जुन्या यांत्रिक पंपांच्या काळातला आहे. कॉमन रेल इंजिनात हजारपेक्षा अधिक वातावरणीय दाब निर्माण करणारा पंप डिझेलच्याच स्निग्धतेवर चालतो. रॉकेलने ती स्निग्धता घटते, पंप झिजतो आणि त्याचे कण इंजेक्टरपर्यंत पोचतात.

इंजिनाची परीक्षा पूर्ण थंड असतानाच घ्यावी. सुरू करताना येणारा आणि न थांबणारा पांढरा धूर कमी दाबाकडे किंवा बिघडलेल्या इंजेक्टरकडे, निळसर धूर जळणाऱ्या तेलाकडे, तर भाराखालील गडद काळा धूर हवेच्या कमतरतेकडे किंवा जादा इंधनाकडे बोट दाखवतो. डिझेल गाडी काळा धूर सोडतेच, असे म्हणून ही खूण सोडून देऊ नये. विकणारा परिवहन कार्यालयात सोबत येण्यास टाळाटाळ करत असेल, किंवा ग्राहक येण्याआधीच इंजिन गरम करून ठेवत असेल, तर किंमत कितीही मोहक असली तरी तो व्यवहार सोडून द्यावा.