एकत्र अग्नी दिल्यानंतर

१ जुलै जवळ आला की डोणगाव-मेहकरच्या पट्ट्यात पिंपळखुट्याचा विषय निघतोच. २०२३ साली त्या रात्री नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर उलटून पेटली आणि २५ जण गेले. बहुतेकांची ओळख पटण्याजोगे काही उरले नव्हते. नातेवाइकांनी संमती दिली आणि दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात २४ जणांवर एकत्र अंत्यसंस्कार झाले. वेगवेगळ्या गावांच्या, जातींच्या घरांनी एकच सुतक पाळले. ती एकी खरी होती, पण तिला पुढे काही कामच दिले गेले नाही, म्हणून ती विरली.

काम दिले की काय होते, हे महाराष्ट्राने १९९३ नंतरच्या दशकात पाहिले आहे. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी भूकंपाने हादरली, विसर्जन आटोपून झोपलेली माणसे माळवदांखाली गाडली गेली. राज्यभरातून मदत धावली. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. ५२ गावे नव्या जागी वसली, पण घरे मात्र जमिनीच्या मापाने मिळाली: भूमिहीनाला अडीचशे चौरस फूट, मोठ्या खातेदाराला साडेसातशे. ढिगाऱ्याने पुसलेला भेद सरकारी नियमाने पुन्हा आखला, आणि हा अन्याय आजही विसरण्यासारखा नाही. याच काळात दुरुस्तीच्या योजनेत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. भिंतीत आरपार दगड कसे बसवायचे, माळवदावरचा मातीचा भार कसा उतरवायचा, हे त्या घरोघरी समजावत होत्या. दुःखातून आलेली जवळीक त्या कामामुळे टिकली.

 

यावर कोणी म्हणेल की किल्लारीची माणसे एकमेकांची शेजारी होती, बसमधले प्रवासी मात्र एकमेकांना अनोळखी, त्यांच्या घरच्यांना बांधणार कशाने? आक्षेप रास्त वाटतो, पण पुरावा उलट आहे. २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बायका तिथल्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या. ना भाषा एक, ना गाव एक. दुवा होता तो कामाचा. शोकात असलेल्यांवर आणखी भार कशाला, असेही विचारले जाईल. भार कुणावर लादू नये हे खरेच, पण ज्यांना बोलायचे आहे त्यांना केवळ भरपाईच्या रांगेत उभे ठेवणे ही दया नव्हे. चालकांची विश्रांती, बसचे आपत्कालीन दरवाजे, मदत पोहोचायला लागणारा वेळ, यांवर त्यांच्याइतके कळकळीने कोण बोलेल? समृद्धी ज्या ज्या जिल्ह्यातून जाते तिथल्या रस्ता सुरक्षा समितीवर अपघातग्रस्त कुटुंबांचे प्रतिनिधी हक्काने घ्यावेत, आणि त्याची सुरुवात बुलढाण्यानेच करावी.