बिनकामाच्या झाडाचे कातीव वाडगे

बॉक्स एल्डर जातीनं मेपल. याच कुळातलं एक पान कॅनडाच्या झेंड्यावर आहे, एका भाईबंदाच्या रसाची काकवी जगभर बाटल्यांतून विकली जाते, आणखी एकाच्या लाकडाच्या पाठी व्हायोलिनांना लागतात. कुळाची ही पुण्याई बॉक्स एल्डरच्या वाट्याला मात्र आली नाही. उत्तर अमेरिकेत ते नदीकाठी, रेल्वेरुळांच्या कडेला, बंद पडलेल्या कारखान्यांच्या आवारात, कुंपणाच्या जाळीत खोड अडकवून, कुणी न लावता उगवतं. त्याची पानं मेपलसारखी पंजाकृती नसतात. एका देठावर तीन, पाच, सात पर्णिका येतात. वादळात पहिली फांदी मोडते ती याची. मादी झाडांवर काळे-लाल किडे थव्यानं जमतात आणि थंडी पडली की उबेसाठी घरात शिरतात. बियांत हायपोग्लायसिन नावाचं विष असतं. चरताना त्या पोटात गेल्या की घोड्यांचे स्नायू निकामी होतात. एवढं सगळं एका झाडाच्या नावावर जमा झाल्यावर लोकांनी त्याला तण म्हटलं तर नवल नाही.

एकेकाळी त्याचे दिवस बरे होते. झाडांचं नाव नसलेल्या गवताळ मैदानी प्रदेशात वसायला आलेल्या शेतकऱ्यांनी वारा अडवायला शेताच्या कडेनं ते हौसेनं लावलं, कारण ते भराभर वाढतं आणि थंडी, दुष्काळ दोन्ही काढतं. सतराव्या शतकात बागांची शोभा म्हणून ते युरोपात गेलं आणि आज मध्य युरोपातल्या नद्यांच्या काठी ‘आक्रमक परकी’ जातींच्या यादीत बसलं आहे.

लाकूडतोड्याला त्याच्याकडून काही मिळत नाही. खोड वाकडं, कमरेच्या उंचीवरच फाटे फुटलेले, आत बहुधा कुजलेलं. लाकूड हलकं आणि मऊ. साखर-मेपलच्या मानानं कठीणपणा निम्मा. फळी काढायची तर सरळ सहा फूट लाभत नाही. खोकी, कागदाचा लगदा, सरपण, यापुढे त्याची मजल गेली नाही. पण हा निवाडा आरागिरणीचा आहे, आणि आरागिरणीला लाकूड फक्त फळीच्या मापानं मोजता येतं.

ज्यांच्याकडे आरागिरणी नव्हती त्यांनी ते वेगळं मोजलं. ॲरिझोनाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या एका गुहेत १९३१ मध्ये अर्ल मॉरिस या पुरातत्त्वज्ञाला लाकडी बासऱ्या सापडल्या. त्यांचा काळ इसवी सन ६२० ते ६७० च्या आसपासचा. लाकूड बॉक्स एल्डरचं. मऊ, बारीक पोताचं, आतून पोखरायला सोपं. बासरी करणाऱ्याला आणखी काय हवं असतं?

कातकाम करणाऱ्याचीही गरज अशीच वेगळी असते. त्याला सहा फूट सरळ लाकूड नको, फूटभर जाडीचा ओंडका पुरतो. वाकडेपणाचं त्याला वावडं नाही, उलट जिथं फांदी फुटते तिथं तंतूंची वीण सुंदर होते. बुंध्यावर आवाळू आलं असेल तर आनंदच. आपल्याकडचा कातारी हे जाणून होता. चन्नपट्टणची खेळणी ज्या लाकडाची कातली जातात तो आपला काळा कुडा. सावंतवाडीच्या चितारींनी पांगारा वापरला, जो कोकणात कुंपणाला किंवा मिरवेलीच्या आधाराला लावतात. दोन्हींना इमारती लाकडाच्या बाजारात पत नाही. दोन्ही फिकट रंगाची आणि हत्याराला न अडणारी.

पण खेळणं भरीव असतं. वाडगा पोकळ, आणि सगळी गोची तिथंच आहे. ओलं लाकूड वाळताना आकसतं, तेही सगळीकडून सारखं नाही. तंतूंच्या लांबीत जवळजवळ नाहीच, गाभ्याकडून सालीकडे थोडं, आणि वर्षवलयांच्या गोलाईत त्याच्या साधारण दुप्पट. जाड भिंतीच्या वाडग्यात बाहेरचा थर आधी वाळून आकसू पाहतो, आतला ओला थर त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीचा निकाल भेगेनं लागतो. म्हणून रूढ पद्धत अशी की वाडगा आधी ओबडधोबड कातायचा, भिंत व्यासाच्या एक दशांश ठेवायची, काही महिने वाळू द्यायचा आणि वाकडा झालेला वाडगा पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा. ज्या लाकडाला भाव आहे त्यासाठी ही तपश्चर्या ठीक. फुकट मिळालेल्या बॉक्स एल्डरसाठी एवढं कोण थांबणार? शिवाय ओंडका नुसता पडून राहिला तर काही महिन्यांत कुजायलाच लागतो.

दुसरी वाट म्हणजे एकाच बैठकीत, लाकूड ओलं असतानाच, भिंत दोन-तीन मिलिमीटरवर आणून सोडायची. इतक्या पातळ भिंतीत आत-बाहेर असा भेदच उरत नाही. पाणी सगळीकडून एकदम निघून जातं, ताण साचत नाही, वाडगा तडकण्याऐवजी वाकतो. काठ लंबगोल होतो, कधी दोन बाजू वर उचलल्या जातात. पातळ वाडगा पाहणाऱ्याला करामत वाटतो आणि थोडी करामत असतेही. पण या लाकडाच्या बाबतीत पातळपणा ही आधी सोय आहे, मग शोभा.

हे काम जवळून पाहण्यासारखं असतं. लेथ फिरू लागली की ओल्या लाकडातून पाण्याचे शिंतोडे कातणाऱ्याच्या चेहऱ्यावर उडतात आणि ढलप्यांच्या लांब ओल्या फिती खांद्यावरून मागे पडत राहतात. बाहेरची बाजू पूर्ण झाली की आतून कोरायला काठापासून सुरुवात. काठाचा बोटभर भाग अंतिम जाडीवर आणायचा, मग त्याखालचा, मग त्याखालचा. एकदा खाली उतरलं की परत वर हात लावायचा नाही, कारण तोवर काठ वाळू लागून गोलाई सोडतो आणि पटाशी टेकवली की वाडग्याचे तुकडे होतात. मऊ तंतू बोथट धारेनं कापले जात नाहीत, उपटले जातात. वाडग्याच्या प्रत्येक फेऱ्यात तंतूंची टोकं दोनदा धारेसमोर येतात आणि खडबडीत चट्टे तिथंच उठतात. ओल्या लाकडावर पॉलिश पेपर लगेच भरून जातो, म्हणजे घासून निस्तरण्याची सोयही नाही. गोल पटाशीला पुन्हा पुन्हा धार लावणं हाच उपाय. जाडी मोजायला दिवा वापरतात. तो वाडग्यामागे धरला की ओली भिंत नारिंगी उजळते. जिथं गडद तिथं अजून जाड. आवाजही बदलत जातो, भिंत पातळ होईल तसा सूर चढतो. सुरात अचानक खरखर आली तर समजायचं की भेग गेली.

पातळ वाडग्यांचं वेड अमेरिकेत नवं नाही. शिकागोकडे गणित शिकवणाऱ्या जेम्स प्रेस्टिनी यांनी १९३३ ते १९५३ या काळात काचेच्या भांड्यांशी स्पर्धा करतील असे वाडगे कातले आणि लाकडी भांड्याला कलावस्तूंच्या दालनात जागा मिळवून दिली. मात्र त्यांची लाकडं निवडक, सरळ विणीची. टाकाऊ लाकडाकडे वळण्याचं श्रेय दुसऱ्यांचं. केंटकीतल्या बेरिया कॉलेजात शिकवणारे रूड ओसोल्निक प्लायवुड-व्हेनियरच्या गिरण्यांनी फेकून दिलेल्या तुकड्यांतून भांडी काढत. मेल आणि मार्क लिंडक्विस्ट या बापलेकांनी १९७० च्या दशकात बुरशीनं काळ्या रेघा उमटलेलं, अर्धवट कुजलेलं लाकूड प्रतिष्ठित केलं.

बॉक्स एल्डरला मोठ्या घरात नेलं ते अटलांटाच्या एड मोलथ्रॉप यांनी. ते व्यवसायानं वास्तुविशारद. त्यांचे वाडगे पातळ नव्हते, प्रचंड होते, आणि ओलं लाकूड न तडकता सांभाळायचा मार्गही वेगळा: कातलेला ओला वाडगा पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या पिंपात मुरवायचा. हा मेणचट पदार्थ लाकडाच्या पेशीभिंतींत पाण्याची जागा घेतो आणि आकसू देत नाही. स्वीडनचं १९६१ मध्ये समुद्रातून वर काढलेलं ‘वासा’ जहाज याच पदार्थाच्या फवाऱ्यांखाली सतरा वर्षं होतं. इतक्या मोठ्या ओंडक्यासाठी लागणारी लांब हत्यारं मोलथ्रॉप स्वतःच घडवत. वाडग्यांवर लाकडाचं नाव ते ‘ॲशलीफ मेपल’ असं देत. नाव खरंच आहे, त्याच झाडाचं दुसरं. पण ‘बॉक्स एल्डर’ म्हटलं असतं तर गिऱ्हाईकाला आधी परसातले किडे आठवले असते.

आणि त्या वाडग्यांत जे लोकांना भुरळ घालतं ते लाल. काही झाडांच्या फिकट, दुधी लाकडात डाळिंबी लाल रंगाच्या ज्वाळा निघतात. फ्युजेरियम बुरशीमुळे हा डाग पडतो असं बरीच वर्षं सांगितलं जाई. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी झाडांना मुद्दाम जखमा करून पाहिल्या, तेव्हा बुरशी न सोडलेल्या जखमांभोवतीही लाल उतरलं. म्हणजे जखम झाली की झाड स्वतःच हा रंग तयार करतं. छाटलेली फांदी, खोडकिड्यानं पाडलेलं भोक, गाडीची धडक, काहीही पुरतं. हे कळल्यावर वाटतं की रुळांच्या कडेची, माणसांच्या वाटेत येणारी, सतत मार खाणारी झाडंच कातणाऱ्याला अधिक लाभत असणार. माझा हा निव्वळ तर्क आहे.

लाल टिकत नाही, ही मात्र खात्रीची गोष्ट. उजेडात ठेवलेला वाडगा हळूहळू विटतो आणि डाळिंबी जाऊन तपकिरी उरतं. तेल, लाख, अतिनील किरण अडवणारे लेप सगळं लावून झालं. वेग कमी होतो, विटणं थांबत नाही. प्रामाणिक विक्रेता हे आधीच सांगतो आणि वाडगा खिडकीत ठेवू नका म्हणून बजावतो.

तरी मागणी आहेच. लाल ज्वाळा असलेला किंवा आवाळूचा तुकडा आता चांगला भाव खातो, रेझिन भरून टणक करून चाकूच्या मुठींना आणि पेनांनाही जातो. हिशेब सगळा ओंडका कापल्यावर. करवतीखाली लाल निघालं तर दोन्ही टोकांना मेण फासून तो सावलीत जातो. नुसता दुधी निघाला तर पूर्वीसारखाच सरपणाच्या ढिगावर.