हरताळाखालची चार अक्षरं

एखादा अहवाल ‘बासनात गुंडाळला’ किंवा एखाद्या योजनेला ‘हरताळ फासला’ असं पेपरात वाचलं की मला आमचा हस्तलिखित विभाग आठवतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझी बावीस वर्षं पोथ्या सांभाळण्यात गेली. तिथे पोथी बासनात गुंडाळतात ती जगावी म्हणून, आणि पानावर हरताळ असतो तो मजकूर बिनचूक व्हावा म्हणून.

आधी बासनाचं सांगते. एका वर्षी जुनी बासनं विरली, म्हणून आम्ही नवा लाल खारवा आणला आणि न धुताच पोथ्यांना गुंडाळला. श्रावणात छताच्या एका कोपऱ्यातून पाणी झिरपलं. सकाळी कपाट उघडलं तर तीन पोथ्यांच्या कडा गुलाबी झालेल्या. दोनशे वर्षं ज्या कागदाला काही झालं नव्हतं, त्याला आमच्या घाईने डाग लागला होता. ऊन दाखवायचं नाही, इस्त्री तर नाहीच. पानापानांत टीपकागद घालायचा, तो ओलावला की बदलायचा, पंखा लांब ठेवायचा. चार दिवस आम्ही आळीपाळीने एवढंच करत होतो. अक्षरं वाचली, समासातला गुलाबी डाग अजून आहे. तेव्हापासून कापड निवळ पाणी सुटेपर्यंत धुतल्याशिवाय पोथीला लावत नाहीत. नाजूक पोथ्यांना तर कोरा मांजरपाट, तोही धुऊनच.

फोटो काढायला येणारे पांढरे हातमोजे मागतात. सुती मोज्यात बोटांना कागदाची धार कळत नाही आणि ठिसूळ पान कोपऱ्यात मोडतं. हात स्वच्छ धुऊन कोरडे करावेत आणि पान दोन्ही तळव्यांवर घ्यावं, हेच बरं. अपवाद हरताळाचा. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाचं पिवळंधमक संयुग. लेखनिक चुकला की चुकीच्या अक्षरांवर तो गोंदात कालवलेला हरताळ फासायचा आणि त्यावर नवं लिहायचा. विषारी असल्यामुळे अशा पानांना रबरी मोजे घालूनच हात लावायचा.

या हरताळानेच आम्हाला एक मोठा धडा शिकवला. पूर्वी कधीतरी आमच्या काही पोथ्यांच्या प्रती निव्वळ काळ्या-पांढऱ्यात काढल्या होत्या. मधली करडी छटासुद्धा नाही. जागा कमी लागते, हे कारण. अशी एक प्रत लांबच्या गावी राहणाऱ्या एका अभ्यासकाला पाठवली. त्यांनी तिच्यावर वर्षभर काम केलं. एका पानावर चार अक्षरांची कोरी जागा दिसत होती. लेखनिकासमोरची मूळ पोथी तिथे फाटलेली असावी, असा त्यांनी तर्क बांधला. तर्क चांगलाच होता. पोथ्यांमध्ये अशा गाळलेल्या जागा खरोखरच सापडतात.

पुढे सगळ्या संग्रहाची रंगीत प्रत काढायला घेतली. ते पान यंत्राखाली ठेवलं तर कोऱ्या जागी पिवळा ठिपका झळकला. हरताळाचा थर काळ्या-पांढऱ्यात कागदासारखाच दिसला होता. एका टोकाला तो सुटला होता, आणि खाली काळी अक्षरं दिसत होती.

खरं तर ही पोथी वाचकाला दाखवायचीच नाही, असा आमच्याकडे जुना शिरस्ता होता. भीती खरी होती, एकदा पान मोडलं की मोडलं. पण बंद कपाटातली पोथी कुणी दुसऱ्या पोथीशी ताडून पाहू शकत नाही, आणि ताडून पाहिल्याशिवाय पाठ शुद्ध होत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, त्यासाठी 1259 हस्तलिखितं तपासली. ती कपाटांतच राहिली असती तर हे काम उभं राहिलं नसतं. मला हे मनापासून वाटतं, आणि विभागाच्या बैठकांत मी ते पुनःपुन्हा सांगत आले.

रंगीत प्रत त्याच संध्याकाळी अभ्यासकांना पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. चित्र मोठं करून त्यांनी ती चार अक्षरं लावली होती. तीच चार अक्षरं दोन ओळी खाली पुन्हा होती. लेखनिकाची नजर दोन ओळी घसरली होती, चूक ध्यानात येताच त्याने ती झाकली आणि पुढे लिहीत गेला. मूळ पोथी फाटलेली वगैरे काही नव्हती.

“बाई, माझी टीप मी काढून टाकतो,” ते म्हणाले. आवाजात खंत नव्हती, उलट गंमत वाटल्यासारखा उत्साह होता. “तेवढी सूचीत नोंद करा, पुढच्याची फसगत नको.”

मी सूची उघडली आणि त्या पोथीच्या नोंदीखाली लिहिलं: पान 37, मागची बाजू, ओळ 5, हरताळ.