पिकगार्ड बदलताना

१९७४ साली पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरनं आपल्या काळ्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवरचं पांढरं पिकगार्ड काढून तिथं काळ्या ॲक्रिलिकचं बसवलं. ही गिटार त्यानं १९७० साली न्यूयॉर्कच्या ‘मॅनीज’ या दुकानातून घेतली होती. तिची नेक बदलली, पिकअप बदलले, ब्रिजवरही प्रयोग झाले. पण ‘ब्लॅक स्ट्रॅट’ म्हटलं की चाहत्यांच्या डोळ्यांसमोर येते ती काळ्या पिकगार्डचीच. २०१९ साली ख्रिस्टीजच्या लिलावात तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर मिळाले. जुन्या वाद्याचे मूळ भाग बदलले की किंमत उतरते, हा बाजाराचा एरवीचा नियम. या गिटारला तो लागू पडला नाही.

अकूस्टिक गिटारवर पिकगार्ड म्हणजे मधल्या गोल भोकाशेजारी चिकटवलेला पातळ तुकडा. पिकचे ओरखडे लाकडावर पडू नयेत एवढंच त्याचं काम. स्ट्रॅटवर मात्र तीन पिकअप, व्हॉल्युमचा एक आणि टोनचे दोन पॉट, शिवाय स्विच, हे सगळं त्या प्लेटलाच लटकलेलं असतं. स्क्रू काढून प्लेट उचलली की गिटारचं जवळजवळ सगळं विजेचं काम हातात येतं. खाली उरतं ते कोरलेलं लाकूड, मागच्या स्प्रिंगांकडून आलेली अर्थिंगची एक वायर आणि जॅककडं जाणाऱ्या दोन.

ही रचना ज्याच्या कारखान्यातून आली तो लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे, पण बिघडलेली वस्तू टेबलावर उलटी ठेवून आत हात घालता आला पाहिजे, हे त्याला पक्कं माहीत होतं. १९५४ साली बाजारात आलेल्या स्ट्रॅटची नेक स्क्रूंनी बसवलेली होती आणि सगळं वायरिंग एका प्लेटवर. एरिक क्लॅप्टननं १९७० मध्ये नॅशव्हिलला सहा जुन्या स्ट्रॅट विकत घेतल्या, तीन मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिन्हींचे चांगले चांगले भाग जोडून आपली प्रसिद्ध ‘ब्लॅकी’ तयार केली. स्ट्रॅटचं मला सर्वांत जास्त अप्रूप वाटतं ते याचंच. मालकानं ती उघडावी, हे तिच्या बांधणीतच आहे.

सुरुवातीची पिकगार्ड एका थराच्या पांढऱ्या प्लास्टिकची होती, आठ स्क्रूंवर बसवलेली. १९५९ साली फेंडरनं तीन थरांचं सेल्युलॉइड आणलं. वर पांढरा, मध्ये काळा, खाली पुन्हा पांढरा. स्क्रू अकरा झाले. हे सेल्युलॉइड जुनं होताना फिकट हिरवट पडतं, आक्रसतं आणि स्क्रूच्या भोकापाशी तडकतं. आज नव्या पिकगार्डमध्ये ‘मिंट ग्रीन’ नावाचा जो रंग मुद्दाम मागून घेतात, तो या म्हातारपणाची नक्कल आहे. साठच्या दशकाच्या मध्यावर फेंडर पुन्हा साध्या प्लास्टिककडं वळली.

सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट. फाळक्यांच्या काळातली सिनेमाची फिल्म याचीच असे. ती किती झपाट्यानं पेटते हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. २००३ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठ्याला आग लागली आणि नायट्रेटवरचे कितीतरी जुने चित्रपट जळून गेले. खरोखर साठ सालच्या आसपासची स्ट्रॅट कुणाच्या हाती आली, तर तिच्या पिकगार्डजवळ सोल्डरिंग आयर्न नेताना हे लक्षात असू द्यावं.

आता प्रत्यक्ष बदलण्याकडं वळू. बहुतेकांचं काम बिघडतं ते विकत घेतानाच. ‘स्ट्रॅटसाठी’ एवढंच लिहिलेलं पिकगार्ड आपल्या स्ट्रॅटला बसेलच असं नाही. आठ भोकांचं आणि अकरा भोकांचं हा पहिला फरक. अकरा भोकांच्या दोन प्लेटांमध्येही एखाद-दुसरं भोक दोन-तीन मिलीमीटर इकडेतिकडे असतं. तीन सिंगल-कॉइल पिकअप आहेत, की ब्रिजजवळ रुंद हंबकर आहे, हा दुसरा. स्वस्त गिटारींमध्ये बऱ्याचदा लहान पॉट असतात. त्यांचा दांडा साधारण ७ ते ८ मिलीमीटरच्या भोकातून जातो, तर अमेरिकन पद्धतीच्या पॉटला साडेनऊचं भोक लागतं. डावखुऱ्या गिटारची प्लेट उलटी, आरशात दिसावी तशी. जुन्या पद्धतीच्या नेकचा ट्रस रॉड नेकच्या बुडाशी फिरवतात, म्हणून तिथं प्लेटला खाच हवी. या सगळ्यासाठी माझा आग्रह एकच: जुनं पिकगार्ड काढून बटर पेपरवर ठेवावं, पेन्सिलनं कडा आणि भोकं गिरवून घ्यावीत आणि तो कागद नव्याशी ताडून मगच पैसे द्यावेत. ऑनलाइन घेणार असाल तर विक्रेत्याकडून मापं मागवा.

नवी प्लेट हाती आली की लगेच पिकअप काढायला लागू नका. आधी ती रिकामीच गिटारवर ठेवून पाहा. नेकच्या खाचेत ती नीट बसते का, ब्रिजला घासत नाही ना, ट्रेमोलो दाबला तर तो अडत नाही ना? २२ फ्रेटच्या गिटारमध्ये फिंगरबोर्डचं टोक पिकगार्डवर थोडं पुढं आलेलं असतं. तिथं नेकचे स्क्रू सैल करून नेक काढल्याशिवाय प्लेट निघत नाही. जोर लावून ओढली तर कोपरा तुटतो.

तारा उतरवून प्लेट उलटली की वायरींचा गुंता दिसतो आणि पुष्कळजण घाबरून सोल्डरिंग आयर्न तापवायला घेतात. त्याची बहुधा गरजच नसते. नॉब आणि स्विचची टोपी वरून काढली, पॉटचे नट सोडले, स्विचचे दोन आणि पिकअपचे सहा स्क्रू काढले, की सगळं वायरिंग एकही डाग न सोडवता अखंड खाली निघतं आणि तसंच नव्या प्लेटमध्ये बसतं. जॅकच्या आणि अर्थिंगच्या वायरी पुरेशा लांब असल्या तर त्याही जोडलेल्या राहू द्याव्यात. गिटारशेजारी मऊ कापड पसरून त्यावर हे काम करावं. आधी मोबाइलवर दोन-चार फोटो काढून ठेवावेत.

जपायचं ते पिकअपला. त्याच्यावर केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. आतल्या चुंबकामुळं पोलादी स्क्रूड्रायव्हर स्वतःहून तिकडं झेपावतो आणि एक ओरखडा पडला तरी तार तुटून पिकअप मुका होतो. म्हणून पिकअपचे स्क्रू फिरवताना डाव्या हाताची बोटं कॉइलवर आडवी धरावीत. पिकअपखालच्या स्प्रिंगा किंवा रबरी नळ्याही उडून हरवतात. एका वाटीत गोळा कराव्यात.

पॉटचं भोक लहान पडलं तर ड्रिल लावू नये. प्लास्टिकमध्ये ड्रिल अडकतो आणि तडा जातो. निमुळती गोल कानस किंवा रीमर हातानं फिरवत, मध्येमध्ये पॉट घालून बघत भोक वाढवावं. नव्या प्लेटवरची पारदर्शक फिल्म नटाखाली जाईल तिथून आधीच सोडवावी. ती सोलताना स्थिर वीज साठते. नंतर प्लेटवर बोट फिरवलं की ॲम्पमधून चरचर ऐकू येते ती यामुळंच. पॉटच्या बाजूला खालून ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा पातळ पत्रा लावून तो अर्थ केला तर हा त्रास बराच कमी होतो.

भोकं जुळली नाहीत तर तिरका स्क्रू घालू नये. जुन्या भोकात टूथपिकला लाकडाचा गोंद लावून ती ठोकावी, रात्रभर वाळू द्यावी, वरून कापावी आणि स्क्रूच्या गाभ्याएवढं बारीक भोक नव्या जागी पाडावं. जुळलेल्या भोकातही स्क्रू सरळ आवळायचा नाही. आधी हलक्या हातानं उलटा फिरवायचा. एका जागी तो किंचित खाली बसल्यासारखा लागतो, बोटांना बारीक ‘टक’ जाणवतं. तिथं जुने आटे सापडलेले असतात. मग सुलटा फिरवायचा. असं केलं की लाकडात दुसरे आटे पडत नाहीत आणि भोक ढिलं होत नाही. सगळे स्क्रू आधी अर्धेच लावून, प्लेट हलवून नीट बसवून मग पुरे करावेत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत साधे स्क्रू लवकर गंजतात. स्टेनलेस स्टीलचे घेतलेले बरे.

शेवटची तपासणी दोन जागी. ॲम्प सुरू करून प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवून आवाज येतो का पाहावं. मल्टिमीटर असेल तर जॅकवर, व्हॉल्युम पूर्ण ठेवून, सिंगल-कॉइलचा रोध साधारण साडेपाच ते सात किलोओहम दिसायला हवा. मग तारा चढवून वरून बघावं. पहिली आणि सहावी तार पिकअपच्या टोकाच्या चुंबकांवरून जाते ना? प्लेट जरा सरकली असली, तर बारीक तारेचा आवाज दबतो आणि दोष उगाच पिकअपला दिला जातो.

जुनं पिकगार्ड टाकू नये. ते प्लास्टिकचं असेल तर केसमध्ये राहू द्या. सेल्युलॉइडचं असेल तर मात्र केसमध्ये कोंडू नका. खराब होताना त्यातून आम्लधर्मी वाफ सुटते आणि ती शेजारच्या तारा, स्क्रू, ब्रिज गंजवते. ते कागदात सैल गुंडाळून, हवा खेळेल अशा थंड जागी, गिटारपासून वेगळं ठेवावं.