कोल्हापुरात मुक्काम कोणत्या पेठेत करावा?

कोल्हापूरला जायचे ठरले की खोली शोधताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: अंबाबाईच्या देवळापासून किती लांब? पण २०११च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या शहरात हे माप फारसे कामाचे नाही. मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्टेशन, राजारामपुरी, ताराबाई पार्क, रंकाळा, कुठेही उतरलात तरी देऊळ दोन-तीन किलोमीटरांच्या आसपासच असते. रिक्षाने गेल्यास फरक पडतो तो काही मिनिटांचा. म्हणून खोलीवर आपण कोणत्या वेळी ये-जा करणार, सोबत गाडी आहे का आणि दर्शनानंतर शहरातून कोणत्या दिशेला बाहेर पडणार, हे आधी पाहावे आणि त्यावरून पेठ ठरवावी, असे माझे मत आहे.

देवळाचा परिसरच घेऊ. महाद्वार रोड, जोतिबा रोड, गुजरी, भवानी मंडप हा भाग मोटारी येण्याच्या कितीतरी आधी वसलेला आहे. रस्ते अरुंद, दुकानांची दाटी आणि नवरात्रासारख्या दिवसांत वाहनांवर निर्बंध. स्वतःची गाडी घेऊन आलेल्या कुटुंबाला ती बिंदू चौकासारख्या वाहनतळावर लावून, बॅगा उचलून चालत यावे लागते. नकाशावर देवळाला खेटून दिसणारी खोली अशा वेळी गाडीपासून बरीच लांब पडते. याउलट गुडघे दुखणारी आजी बरोबर असेल, पहाटेच्या काकड आरतीला जायचे असेल किंवा शुक्रवारी रात्रीची पालखी पाहायची असेल, तर बेलाशक इथेच राहावे. अवेळी रिक्षा शोधत फिरावे लागत नाही आणि दर्शन होताच आजींना पाठ टेकता येते. त्यासाठी खोली थोडी लहान आणि भाडे थोडे जास्त असले तरी चालेल. किरणोत्सवासाठी मात्र एवढ्या जवळ राहण्याची गरज नाही. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस-फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोचतात. हा सोहळा संध्याकाळचा असल्याने शहराच्या कुठल्याही टोकाहून आरामात येता येते. गणेश विसर्जनाची मिरवणूक तर महाद्वार रोडवरून दुसऱ्या दिवसापर्यंत चालू राहते. तान्हे मूल घेऊन आलेल्यांनी त्या रात्री तरी हा भाग टाळलेला बरा.

यावर कोणी म्हणेल की जुन्या पेठांपासून दूर राहिले तर खरे कोल्हापूर हुकते. या म्हणण्यात तथ्य आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या तालमींना पहाटेच जाग येते, आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेले म्हशीचे धारोष्ण दूध हातात पडते. पण हे सगळे विशिष्ट वेळेचे आहे. त्या वेळी उठून बाहेर पडणाऱ्यालाच जवळच्या खोलीचा उपयोग. शिवाय शाहूपुरीही तितकीच कोल्हापूर आहे. १८९१ मध्ये शहरात रेल्वे आली आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ वसवली. माल आणि माणसे स्टेशनच्या बाजूने येऊ-जाऊ लागली. आज बसस्थानकही याच भागात आहे आणि लॉजही भरपूर आहेत. रात्रीच्या एसटीने उतरणाऱ्या, गाडी नसलेल्या प्रवाशाला यापेक्षा सोयीची जागा सापडणे कठीण. शिवाजी विद्यापीठात काम असेल तर क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांची राजारामपुरी जवळ पडते. गाडी आहे, शांतता हवी आहे आणि नवा राजवाडा पाहायचा आहे, अशांनी ताराबाई पार्क किंवा नागाळा पार्क निवडावा.

दिशेचा विचार तर बहुतेकांच्या मनातही येत नाही, आणि वेळ नेमका तिथेच जातो. पन्हाळा आणि जोतिबाचा रस्ता शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडतो. राधानगरी आणि गगनबावड्याला रंकाळ्याच्या बाजूने जातात. नृसिंहवाडी आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग पूर्वेला. सकाळी राधानगरीला निघणाऱ्याने कावळा नाक्यापाशी खोली घेतली, तर गर्दीचे सगळे शहर पार केल्यावरच त्याचा प्रवास सुरू होतो. दर्शन एकदाच घ्यायचे आणि दोन दिवस आसपास फिरायचे, असा बेत असेल तर बाहेर पडण्याचा रस्ता देवळाच्या अंतरापेक्षा महत्त्वाचा धरावा.

जुलै-ऑगस्टात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: ही इमारत पूररेषेत येते का? राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. नदी फुगली की शहराच्या मधून वाहणाऱ्या जयंती नाल्याचे पाणी मागे लोटते. त्यामुळे शाहूपुरीतली कुंभार गल्ली आणि व्हीनस कॉर्नर हे नदीकाठापासून दूरचे वाटणारे भागही पाण्याखाली जातात. त्या दोन्ही पुरांत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याने कोल्हापूरचा पुण्याशी रस्ता काही दिवस तुटला होता. असा पूर दरवर्षी येत नाही, मग पर्यटकाने त्याची धास्ती का घ्यावी, असे हॉटेलवाले म्हणतील. धास्ती घ्यायचे कारण नाही, आणि सबंध शाहूपुरी टाळण्याचे तर मुळीच नाही. एकाच पेठेत एक गल्ली कोरडी राहते आणि दुसरीत होड्या येतात. पण हे दोन महापूर अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने आले. पावसाळ्यात खोली ठरवताना फोन करून २०१९ला पाणी कुठवर आले होते, एवढे विचारावे. स्थानिक माणूस ती खूण लगेच सांगतो. उत्तर गुळमुळीत आले, तर राजारामपुरी किंवा टाकाळ्याच्या चढावर खोली घ्यावी आणि पन्हाळ्याचा दिवस नदीची पातळी पाहून ठरवावा.