रोजचा एक तास

टंकलेखन ही विद्या पाहणाऱ्याला फार सोपी वाटते. कळफलक समोर असतो, अक्षरे ठरलेल्या जागी असतात, ती बोटांनी दाबावयाची एवढेच काम! परंतु कळांकडे न पाहता, दृष्टी मजकुरावर ठेवून लिहावयास बसले म्हणजे पहिल्याच आठवड्यात खरा प्रकार ध्यानात येतो. कोणते अक्षर कोठे आहे हे मनाला ठाऊक असते. करंगळीला मात्र ते ठाऊक नसते. मनाचे हे ज्ञान बोटांत उतरेपर्यंत सराव करावा लागतो.

हा सराव रोज किती करावा? उतावळा विद्यार्थी म्हणेल, ‘रोज चार तास बसू आणि पंधरवड्यात मोकळे होऊ.’ ब्रिटनमधील बॅडली व लाँगमन या दोन संशोधकांनी नेमका हाच प्रश्न कसोटीस लावला. तेथील टपालखात्यात पत्रांची विभागणी यंत्रांच्या साहाय्याने होऊ लागली होती आणि त्यासाठी पोस्टमनांना कळफलक शिकवणे भाग होते. संशोधकांनी त्यांचे चार गट केले. पहिला गट रोज एकच तास शिके. दुसऱ्याला एकेक तासाच्या दोन बैठका असत, तर तिसरा सलग दोन तास बसे. चौथ्या गटाच्या मात्र दोन-दोन तासांच्या दोन बैठका होत. म्हणजे दिवसाला चार तास.

या प्रयोगाचे निष्कर्ष १९७८ साली प्रसिद्ध झाले. कळफलक अवगत होण्यास पहिल्या गटाला सरासरी सुमारे ३५ तास पुरले. चौथ्या गटाला तेवढ्याच विद्येसाठी सुमारे ५० तास खर्चावे लागले. पुढे काही महिन्यांनी पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा सर्वांचाच वेग उतरला होता. परंतु सर्वांत मागे पडला तो चार तास बसणारा गटच.

असे का व्हावे? एक कारण उघड आहे. थकलेले मन चुका करते आणि चुकीच्या हालचालीचाही सराव होतच असतो. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. काल शिकलेले आज आठवावे लागते, आणि आठवण्याचे हे कष्टच ते ज्ञान पक्के करतात. शिवाय, मधल्या रात्रीच्या झोपेत मेंदू नव्याने शिकलेल्या गोष्टी दृढ करतो, असे पुढील अनेक प्रयोगांवरून दिसते. अर्थात, रोजचा तो तास खरोखर एक तासाचा असला पाहिजे. कळांकडे चोरून पाहणाऱ्याचे डोळे तरबेज होतात, बोटे नव्हेत. आरंभी वेग मंद असला तरी चालेल. प्रत्येक अक्षर योग्य बोटाने उमटले पाहिजे. महाराष्ट्रातील टंकलेखन-संस्थांत रोज एक तासाची तुकडी चालवण्याचा प्रघात जुना आहे. तो कोणा प्रयोगावरून पडला नसेल. पण शहाणपणाचा खराच.

येथे एक शंका निघेल. रोज एक तास याप्रमाणे ३५ तास भरावयास ३५ दिवस लागतात. रोज चार तास बसणारा ५० तास तेरा दिवसांत पुरे करतो. मग लवकर शिकला कोण? दिनदर्शिका पाहणारा चौथ्या गटाचे नाव घेईल, घड्याळ पाहणारा पहिल्या गटाचे. ज्याची परीक्षा दोन आठवड्यांवर आली आहे, त्याला चार तास बसण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचेही कारण नाही. ज्याच्या हाती अवधी आहे, त्याने मात्र तेच पंधरा तास अधिक का वेचावेत?

या प्रयोगातील सर्वांत नवलाची गोष्ट निराळीच आहे. शिक्षणक्रमाविषयी पोस्टमनांना त्यांचे मत विचारण्यात आले, तेव्हा सर्वांत असमाधानी निघाला तो रोज एक तास शिकणारा गट! इतर गट आपल्या पुढे जात आहेत, आपण मागे राहिलो आहोत, असे त्यांना वाटे. किती दिवस लोटले हे त्यांना दिसत होते. किती तास वाचले याचा हिशेब संशोधकांच्या वहीत होता.